क्लोझापिनजन्य आंत्रमंदता

क्लोझापिन या मनोविकारविरोधी औषधामुळे आतड्यांची मळ पुढे सरकवण्याची हालचाल मंदावणे किंवा थांबणे. सुरुवातीला ही साधी बद्धकोष्ठता वाटते. वाढत गेल्यास आतड्याला अडथळा येतो, मोठे आतडे फुगते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो किंवा ते फाटते आणि रुग्ण दगावू शकतो. ओलान्झापिन, क्वेटियापिन, क्लोरप्रोमाझिन या इतर मनोविकारविरोधी औषधांनीही पोट साफ न होण्याची तक्रार उद्भवते, पण सर्वांत जास्त धोका क्लोझापिनचा.

दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत व पुरेसा काळ देऊनही ज्यांचा स्किझोफ्रेनिया आटोक्यात येत नाही, अशा रुग्णांसाठी क्लोझापिन वापरतात आणि तिथे त्याला तोडीचा पर्याय नाही. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले. त्यामुळे ते बाजारातून जवळपास हद्दपार झाले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. तेव्हापासून डॉक्टर आणि नातेवाईक दोघांचेही लक्ष रक्ताच्या अहवालावर खिळलेले असते. पोटाची चौकशी मात्र राहून जाते, आणि ही चूक महागात पडते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दुष्परिणामाच्या १०२ गंभीर रुग्णांची माहिती एकत्र केली होती, त्यांतले २७.५ टक्के दगावले होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यासंबंधीचा इशारा जानेवारी २०२० मध्ये अधिक कडक केला.

आतड्याच्या स्नायूंना आकुंचनाचा संदेश ॲसिटिलकोलीन हे शरीरातले रसायन देते. क्लोझापिन त्याचे ग्राही, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागा, अडवते. सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या काही ग्राहींवरही ते काम करते, त्यामुळे आतड्यातली संवेदना आणि हालचाल दोन्ही मंदावतात. न्यूझीलंडमधील संशोधकांनी रुग्णांना क्ष-किरणांत दिसणारे बारीक तुकडे गिळायला देऊन ते कुठवर पोचले हे पाहिले. इतर मनोविकारविरोधी औषधे घेणाऱ्यांत मोठ्या आतड्यातून जायला साधारण २३ तास लागत होते, क्लोझापिन घेणाऱ्यांत १०४ तास. क्लोझापिनवरच्या दर पाच जणांपैकी चौघांची आतडी मंद होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची काहीच तक्रार नव्हती. म्हणून रुग्ण ‘पोट ठीक आहे’ म्हणाला तरी तेवढ्यावर भागत नाही.

धोका वाढवणारी कारणे बहुतेकदा औषधांच्या चिठ्ठीतच सापडतात. क्लोझापिनने रात्री लाळ गळून उशी भिजते, म्हणून ग्लायकोपायरोलेट दिले जाते. आधीच्या औषधाने अंग ताठरले म्हणून सुरू केलेले ट्रायहेक्सिफेनिडिल तसेच चालू राहिलेले असते. ही दोन्ही औषधे आतडे आणखी सुस्त करतात. सिगारेट एकदम सोडली तर क्लोझापिनची रक्तातली पातळी चढते. तापाच्या आजारातही ती चढू शकते.

तीन दिवस शौचाला न होणे, पोट फुगून टणक होणे, पोटात कळा, उलटी, वायू न सरणे ही लक्षणे दिसली की थेट रुग्णालय गाठावे. एक फसवे लक्षण वेगळे सांगायला हवे: घट्ट अडकलेल्या मळाच्या कडेने पातळ पाणी झिरपते, घरच्यांना जुलाब झालेत असे वाटते आणि जुलाब थांबवणारी गोळी दिली जाते. अशा वेळी ती घातक ठरू शकते.

प्रतिबंध सोपा आहे. क्लोझापिन सुरू करतानाच रेचक सुरू करावे, त्रासाची वाट पाहू नये. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ पद्धतीत डॉक्युसेट आणि सोनामुखी ही रेचके एकत्र देतात, गरज पडल्यास मॅक्रोगोल हे आणखी एक रेचक जोडतात. तिच्या छोट्या अभ्यासात आतड्यातून जाण्याचा काळ ११० तासांवरून ६२ तासांवर आला. आपल्याकडे घरोघरी पहिला हात इसबगोलाच्या डब्याकडे जातो. इथे ते टाळलेले बरे, कारण आतडे पुढे ढकलतच नसेल तर इसबगोलाने मळाचा आकार तेवढा वाढतो. शौचाची नोंद घरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करूनही ठेवता येते.

आतडे बंद पडल्यास क्लोझापिन थांबवावे लागते, पण ते अचानक थांबले की भ्रम आणि भास उसळून येण्याची भीती असते. त्यामुळे शल्यचिकित्सक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून निर्णय घ्यावा. औषधात दोन दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर जुनी मात्रा एकदम देत नाहीत, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा हळूहळू चढवतात.