माळ घालणे (वारकरी संप्रदाय)

तुळशीची माळ गळ्यात घालून पंढरीच्या वारीचे व्रत आजन्म घेण्याचा विधी. माळ घातलेल्यास माळकरी म्हणतात. साधारणतः 108 मण्यांची माळ ज्ञानेश्वरीवर किंवा विठ्ठलाच्या पायांवर ठेवतात. मग फडावरचे (वारकऱ्यांच्या गुरुपरंपरेच्या गटाचे) महाराज ती गळ्यात घालतात. वारी चुकवायची नाही, एकादशी धरायची, मद्यमांस वर्ज्य, परस्त्री मातेसमान, रोज हरिपाठ, एवढे नेम. माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत जुने माळकरी अन्न घेत नाहीत.

संप्रदायाचा आरंभ परंपरा पुंडलिकापासून मानते. होयसळ राजा सोमेश्वराच्या शके 1159 (इ. स. 1237) च्या शिलालेखात भीमरथीकाठचे (भीमेकाठचे) पंडरगे म्हणजे पंढरपूर आणि पुंडरीक मुनी यांचा उल्लेख आहे. संशोधकांपैकी रा. गो. भांडारकर पुंडलिकाला ऐतिहासिक प्रवर्तक समजत. रा. चिं. ढेरे यांना मात्र पुंडलिकाचे मंदिर मुळात पुंडरीकेश्वर नावाचे शिवस्थान वाटते. तेथे आजही शिवलिंगाची पूजा होते, हे पाहता ढेरे यांचे मत अधिक सयुक्तिक ठरते. ते मान्य केले तरी विठ्ठलभक्ती ज्ञानदेवांपूर्वीची होती, याला बाध येत नाही. संप्रदायाचा ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र तुकोबांना त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य यांनी स्वप्नात दिला. तुकोबांच्या अभंगात माघ शुद्ध दशमी, गुरुवार अशी तिथी आहे. पण शक नसल्यामुळे सालाबाबत अभ्यासकांचे एकमत नाही. हा मंत्र गुप्त नाही. टाळावर सगळेच तो म्हणतात.

नेमाने बांधून घेतलेला माळकरी स्वतःला मोकळा का समजतो, याचे उत्तर संप्रदायाच्या मुक्तिकल्पनेत आहे. तुकोबांनी देवाकडे मुक्ती नव्हे, संतसंग मागितला. त्यामुळे मोक्ष ही एकट्याने गाठायची गोष्ट उरत नाही. दोन माळकरी भेटले की वय, जात न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. पाया पडणारा आणि पडवून घेणारा असा भेदच तेथे राहत नाही. काल्याच्या कीर्तनानंतर एकमेकांच्या मुखात घास घालतात, तोही याच भावाने. शिऊरच्या बहिणाबाईंनी ब्राह्मण कुळातील असून तुकोबांना गुरू केले आणि त्यापायी नवऱ्याचा मार सोसला. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी ते स्वतःच सांगितले आहे.

ही समता चंद्रभागेच्या वाळवंटात नांदली, गाभाऱ्यापर्यंत पोचायला मात्र फार काळ लागला. चोखामेळ्याची समाधी महाद्वारापाशी, मंदिराबाहेरच आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषण करावे लागले.