जखम भरली, पण बोट वाकत नाही

संक्रांतीला येवल्यात तीन दिवस पतंगांची धूम असते. नायलॉन मांजावर बंदी असूनही त्याने बोटं कापायची थांबलेली नाहीत. एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत द्राक्षबागेतली कात्री लागते, नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत पत्र्याची धार. जखम जेमतेम सेंटिमीटरभर. दोन टाके पडतात, कातडी जुळते. नंतर लक्षात येतं की बोटाचं टोक वाकतच नाही, कारण आतली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, कापली गेलेली असते.

बोट वाकवणारे मुख्य स्नायू बोटात नसतात, कोपराखाली असतात. सायकलच्या ब्रेकची तार नळीतून जाते, तशा त्यांच्या कंडरा बोगद्यातून बोटात जातात. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटात दोन: उथळ कंडरा मधल्या पेरापर्यंत, खोल कंडरा टोकाच्या हाडापर्यंत. वाटेत उथळ कंडरा दुभंगते आणि खोल कंडरा त्या फाट्यातून पुढे निघते. बोगद्यावरचे पट्टे दोन्हींना हाडालगत दाबून ठेवतात. त्यातले दुसरा आणि चौथा गेले, तर कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी उचलली जाते आणि बोट पूर्ण मिटत नाही.

तळहाताच्या बोटांजवळच्या घडीपासून मधल्या पेराच्या मध्यापर्यंतच्या या अरुंद भागाला अमेरिकन हँड सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं. इथे कंडरा लगेच शिवू नये, असाच तेव्हाचा दंडक होता. १९६०च्या दशकात अमेरिकन सर्जन हॅरोल्ड क्लायनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोडला.

आज तीन-शून्य किंवा चार-शून्य जाडीच्या (शून्यं जास्त तितका धागा बारीक), न विरघळणाऱ्या धाग्याचे किमान चार पदर कापलेल्या जागेतून नेतात आणि कडेने सहा-शून्यचा बारीक टाका फिरवतात. पदर वाढवले की जोड मजबूत होतो, पण फुगतो आणि बोगद्यात अडकतो. बोट हलवलं नाही तर कंडरा बोगद्याला चिकटते, जोरात हलवलं तर जोड सुटतो. टोकांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट पडली, तर जोडाला बळ येत नाही. म्हणून हल्ली अनेक सर्जन बधिर करणाऱ्या लिग्नोकेन आणि रक्तस्राव रोखणाऱ्या अ‍ॅड्रिनॅलिनने फक्त हात बधिर करतात आणि टेबलावरच रुग्णाला बोट वाकवायला सांगून फट पडते का ते पाहतात. अ‍ॅड्रिनॅलिनने बोट काळं पडतं, हा जुना समज योग्य मात्रेच्या बाबतीत खोटा ठरला आहे.

तीन ते पाच दिवसांत व्यायाम सुरू होतो, तोही हाताच्या थेरपिस्टच्या देखरेखीखाली. हाताच्या मागच्या बाजूने बसवलेला स्प्लिंट (आधाराची पट्टी) साधारण सहा आठवडे राहतो, जड काम तीन महिने बंद. दुसऱ्या आठवड्यात दुखणं कमी झालं म्हणून स्प्लिंट काढून बादली उचलली, की जोड तुटतो. जखमेत हळद, चुना, तंबाखू भरू नका. त्याने जंतुसंसर्ग होतो आणि कंडरा चिकटते. याच काळात ‘शीर मोकळी करायला’ केलेलं मालीशही जोड तोडू शकतं.

हँड सर्जन मनगटाची मोडलेली हाडं, दबलेली नस (मज्जातंतू) आणि अडकणारं बोटही पाहतात, तुटलेलं बोट सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. पण कापलेली कंडरा ओळखली न जाणं ही सर्वांत टाळता येण्याजोगी चूक आहे. तपासणी मिनिटाची: बाकीची बोटं सरळ धरून दुखऱ्या बोटाचा मधला सांधा वाकतो का, मग मधला सांधा घट्ट धरून टोक वाकतं का ते पाहा. बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का, तेही पाहा. कंडरेलगतची नस बहुधा सोबतच कापली जाते. मात्र वाकताना जोर लावल्यावर दुखलं, तर कंडरा अर्धवट कापलेली असू शकते.

शिवण पहिल्या काही दिवसांतच व्हावी. तीन-चार आठवड्यांनंतर स्नायू आखडतो, बोगदा मिटू लागतो. मग आधी सिलिकॉनची कांडी घालून वाट तयार करतात आणि काही महिन्यांनी तिच्या जागी मनगटाजवळची एक बारीक कंडरा बसवतात. काहींना ती जन्मतःच नसते, तेव्हा पायातली घेतात.