लुपस, गर्भारपण आणि फुप्फुसं: सल्ला कसा बदलत गेला

लुपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उलटण्याचा आजार, नुसता कातडीचा नाही, तो आतल्या अवयवांनाही धरतो, हे व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मोरित्झ कापोसी यांनी १८७२ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण हाताशी औषध नव्हतं. १९४९ मध्ये सांधेदुखीवर कॉर्टिसोन या स्टेरॉइडचा गुण दिसला, पुढे स्टेरॉइड्स लुपसलाही लागू पडली आणि तरुण मुली जगू लागल्या. मग मुलाबाळांचा प्रश्न आला. त्यावर कित्येक वर्षं एकच उत्तर मिळायचं: दिवस जाऊ देऊ नका, गेले तर गर्भपात करा.

फुप्फुसांच्या बाबतीत ही भीती अगदीच पोकळ नव्हती. १९७५ मध्ये अमेरिकेत लुपसच्या तीव्र न्यूमोनायटिसच्या (फुप्फुसांना येणाऱ्या सुजेच्या) १२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यातले निम्मे दगावले होते. फुप्फुसात रक्तस्राव झाला तर आणखी कठीण. खोकल्यातून रक्त पडेलच असं नाही. धाप लागते, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरतं, आणि ब्रॉन्कोस्कोपीत (श्वासनलिकेत दुर्बिणीची नळी घालून केलेल्या तपासणीत) सलाइन सोडून परत ओढलं की दर खेपेला ते जास्त लाल येतं. आपल्याकडे ताप-खोकला म्हटलं की आधी टीबीची शंका येते. ती घ्यावीच, पण तिथेच थांबलं तर मोलाचे दिवस हातचे जातात.

धीर दिला तो वारेने, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या अवयवाने. तिच्यातलं एक एन्झाइम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बरंचसं निष्प्रभ करतं, त्यामुळे बाळापर्यंत थोडंच पोचतं. डेक्सामेथासोन हे दुसरं स्टेरॉइड मात्र सहज पार होतं. म्हणून आईच्या आजारासाठी पहिलं आणि, गरज पडल्यास, बाळाची फुप्फुसं पिकवायला दुसऱ्या प्रकारचं, अशी विभागणी झाली. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इतर औषधांपैकी अ‍ॅझाथायोप्रिन चालतं, मायकोफेनोलेट दिवस जाण्याआधीच बंद करावं लागतं. सायक्लोफॉस्फमाइड पहिल्या तीन महिन्यांत टाळतात. नंतर जिवावरच बेतलं तर देतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे लुपसचं नेहमीचं औषध पूर्वी घाबरून थांबवत. आता तेच चालू ठेवा म्हणतात, आणि आजार निदान सहा महिने शांत असताना मुलाचा विचार करा, असंही सांगतात.

एका ठिकाणी जुना सल्ला अजून टिकून आहे, आणि माझ्या मते योग्यच आहे: फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब. गर्भारपणात अंगातल्या रक्तद्रवाचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. आधीच ताणलेल्या उजव्या हृदयाला ते झेपत नाही. हा दाब उतरवणाऱ्या औषधांपैकी सिल्डेनाफिल देता येतं, बोसेंटान मात्र गर्भाला घातक. शिवाय बाळंतपण सुखरूप झालं म्हणून सुटका होत नाही. यातले बरेचसे मृत्यू प्रसूतीनंतरच्या दिवसांत आणि आठवड्यांत होतात, म्हणून बाळ बाहेर आल्यावरही आईला अतिदक्षता विभागातच ठेवतात.