कुठल्या विमानाची रेघ टिकणार?

२० मार्च २००९ रोजी उत्तर समुद्रावर ‘ॲवॅक्स’ जातीचं एक टेहळणी विमान घिरट्या घालत होतं. त्याच्या मागे उमटलेली पांढरी वेटोळी उपग्रहाच्या चित्रांत अगदी स्पष्ट दिसतात. ब्रिटिश हवामान खात्याच्या शास्त्रज्ञांनी तासातासाने त्यांचा माग काढला. वेटोळी वाऱ्याबरोबर सरकली, फुगली, एकमेकांत मिसळली आणि पन्नास हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठा विरळ ढग झाला. जवळपास अर्धा विदर्भ झाकेल एवढा, आणि तोही एका विमानामुळे!

सहसा असं होत नाही. बहुतेक रेघा, म्हणजे काँट्रेल, मिनिटाभरात विरतात. एक किलो इंधन जळलं की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ बाहेर पडते. बाहेर उणे ४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून कडक थंडी असेल, तर ती वाफ काजळीच्या कणांवर जमते आणि लगेच गोठते. रेघ कधी उमटेल याचं हे गणित १९४० आणि ५०च्या दशकांतच मांडून झालं होतं आणि आजही ते चोख चालतं. (आपल्याकडे उष्ण कटिबंधात दहा-अकरा किलोमीटरवरची हवा युरोपच्या मानाने उबदार असते, म्हणून तिथल्यासारखं रेघारेघांचं आभाळ इथे क्वचित दिसतं.)

रेघ टिकेल का, हा प्रश्न मात्र वेगळा आणि अवघड. तिथे इंजिनाचं काही चालत नाही, सगळं आजूबाजूच्या हवेवर ठरतं. उंचावर काही थरांत इतकी वाफ असते की बर्फाच्या हिशेबाने हवा संपृक्ततेच्याही (हवेत मावेल तेवढ्या वाफेच्या मर्यादेच्याही) पुढे गेलेली असते, पण स्फटिक आपोआप धरायला ती पुरत नाही. अशा थरात विमान घुसलं की काजळीवर धरलेले स्फटिक हवेतलीच वाफ ओढून वाढत राहतात. जुन्या, पसरलेल्या रेघेतला जवळजवळ सगळा बर्फ हवेतल्या वाफेचा असतो, इंजिनाच्या नव्हे. हे थर शेकडो किलोमीटर पसरलेले असू शकतात, पण जाडी बहुधा काही शे मीटरच.

असा ढग दिवसा थोडं ऊन परतवतो आणि जमिनीकडून वर जाणारी उष्णताही अडवतो. रात्री परतवायला ऊनच नसतं, म्हणून रात्रीची रेघ फक्त तापवते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार २०१८ साली काँट्रेलच्या ढगांचा तापवणारा परिणाम दर चौरस मीटरला सुमारे ५७ मिलिवॅट होता, तर विमानांनी तोवर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा ३४. पण ५७ हा आकडा १७ ते ९८ यांमध्ये कुठेही असू शकतो, हेही त्याच आढाव्यात आहे. बातम्यांत ५७ येतो, १७ ते ९८ गळतो.

एवढी तफावत का? जर्मन अंतराळ संस्थेत उलरिख शुमान यांनी घडवलेलं ‘कोसिप’ हे संगणकीय प्रारूप (मॉडेल) एकेका उड्डाणाची रेघ जन्मापासून विरेपर्यंत मोजतं. मात्र त्याला लागणारी आर्द्रता हवामानाच्या प्रारूपातून येते आणि खरी गोची तिथे आहे. एवढ्या थंडीत फुग्यांवरचे संवेदक नीट चालत नाहीत, उपग्रहांना पातळ थर वेगळे दिसत नाहीत. शिवाय हवामानाची प्रारूपं ढग धरला की जादा वाफेचा ताबडतोब बर्फ करून मोकळी होतात, त्यामुळे कागदावरची हवा खऱ्या हवेपेक्षा कोरडी निघते. उपकरणं बसवलेली मोजकी प्रवासी विमानं जे मोजून आणतात, त्यावरून हे आकडे दुरुस्त करून घ्यावे लागतात.

तरीही एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जपानच्या आकाशातल्या उड्डाणांच्या २०२० सालच्या अभ्यासात काँट्रेलच्या ८० टक्के तापमानवाढीला जेमतेम २.२ टक्के उड्डाणं जबाबदार निघाली. तेवढ्यांनाच दोन हजार फूट वर-खाली नेलं तर? २०२३ साली गुगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी ७० उड्डाणांवर हे करून पाहिलं. उपग्रहातून दिसणाऱ्या रेघा ५४ टक्के घटल्या, त्या उड्डाणांत इंधन २ टक्के जास्त जळलं.

सौदा स्वस्त वाटतो, पण त्यात एक मेख आहे. रेघ काही तासांत जाते, जादा इंधनाचा कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं राहतो. अंदाज चुकला आणि तो थर तिथे नव्हताच, तर तोटा खात्रीचा आणि फायदा शून्य. माझ्या मते म्हणूनच सुरुवात सरसकट सगळ्या विमानांपासून न करता, ज्यांच्याबद्दल खात्री जास्त आहे अशा रात्रीच्या थोड्या उड्डाणांपासून व्हावी. युरोपीय संघाने २०२५ पासून विमान कंपन्यांना कार्बन डायऑक्साइडखेरीज इतर परिणामांचीही नोंद ठेवायला लावली आहे. ते आकडेही प्रारूपातूनच निघणार आहेत, आणि त्यातला दहा किलोमीटरवरच्या आर्द्रतेचा आकडा अजून तसाच कच्चा आहे.