घरच्या राउटरमधला डीएनएस आणि त्याच्या जुन्या मर्यादा

अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जाई, बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली आणि हा कारभार झेपेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा आराखडा मांडला. आजची व्यवस्था त्याच्या १९८७ मधल्या सुधारित रूपावर उभी आहे.

जुनी फाइल मात्र गेली नाही. 'होस्ट्स' या नावाने ती विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे आहे आणि सहसा डीएनएसच्या आधी तीच वाचली जाते. एकाच संगणकावर एकच साइट अडत असेल, तर राउटरला हात लावण्याआधी ही फाइल उघडावी. जाहिराती रोखायला कुणीतरी टाकलेली ओळ तिथे सापडू शकते.

'काही साइट उघडतात, काही नाही' यामागे कधीकधी १९८७ मधलीच एक अट असते: यूडीपीवरचं (माहिती पाठवायची झटपट, पोचपावती नसलेली पद्धत) डीएनएसचं उत्तर ५१२ बाइटपर्यंतच. त्याहून मोठं असेल तर टीसीपीवर (आधी जोडणी करून खात्रीने पाठवायची पद्धत) पुन्हा विचारायचं. १९९९ मध्ये ईडीएनएस या डीएनएसच्या विस्ताराने ही मर्यादा वाढवायची सोय केली, पण घरगुती राउटर मागेच राहिले. त्यांच्यातला डीएनएस फक्त प्रश्न पुढे पाठवतो, आणि जुन्या राउटरमध्ये तो मोठी उत्तरं किंवा टीसीपी नीट हाताळत नाही. छोट्या उत्तराच्या साइट उघडतात, लांबलचक उत्तराच्या लटकतात.

इथे बरेच जण चुकीच्या जागी बदल करतात. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) सेटिंगमध्ये ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस, २००९ पासून) किंवा १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासून) भरलं तरी उपकरणं राउटरलाच विचारत राहतात. तोच पत्ता लॅनच्या (घरातल्या जाळ्याच्या) डीएचसीपी सेटिंगमध्ये, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटून देणाऱ्या भागात द्या, मग वाय-फाय बंद-चालू करा आणि विंडोजवर साठवलेली जुनी उत्तरं पुसायला 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' (ipconfig /flushdns) ही आज्ञा चालवा. १.१.१.१ चालत नसेल तर १.०.०.१ वापरून पाहा. काही उपकरणांनी पहिला पत्ता पूर्वीच स्वतःच्या अंतर्गत कामाला जुंपलेला असतो.

आधी खात्री हवी असेल तर 'एनएसलुकअप' (nslookup) या आज्ञेने अडणाऱ्या साइटचं नाव एकदा राउटरला, एकदा ८.८.८.८ ला विचारा. दोन्हीकडून लगेच उत्तर आलं आणि तरी साइट उघडली नाही, तर दोष बहुधा डीएनएसचा नाही.

२०१८ पासून आणखी एक गुंता आहे. त्या वर्षी डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएसचं (डीएनएसचे प्रश्न कूटबद्ध वेब जोडणीतून विचारायचं) मानक आलं आणि ब्राउझर स्वतःच, राउटरला न विचारता, पत्ता शोधू लागले. त्यामुळे एकाच संगणकावर एका ब्राउझरमध्ये साइट उघडते, दुसऱ्यात नाही. अशा वेळी ब्राउझरच्या सेटिंगमधलं 'सिक्युअर डीएनएस' आधी तपासा.