लहान कार्यालयासाठी सर्व्हर व वर्कस्टेशनची निवड (नागपूर)

लहान कार्यालयात सामायिक फायली, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि बॅकअप सांभाळणारे मध्यवर्ती यंत्र म्हणजे सर्व्हर. जड आराखडे, त्रिमितीय चित्रे किंवा व्हिडिओ यांसाठी घेतलेला ताकदीचा संगणक म्हणजे वर्कस्टेशन. खरेदीची चर्चा सहसा प्रोसेसरपासून सुरू होते. नागपुरात ती खोलीपासून सुरू व्हायला हवी.

२३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे इथे नेहमीचेच. बहुतेक सर्व्हर ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. संध्याकाळी कार्यालयाचा एसी बंद होतो, सर्व्हर मात्र रात्रभर चालूच राहतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर माणसांना पुरतो, सर्व्हरला नाही. दमट हवेसोबत आलेली धूळ हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये चिकटून बसते आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे दिवस) सरल्यावर झाकण उघडले तर करड्या धुळीचा नमदा हाती येतो. म्हणून सर्व्हरसाठी छोटी, बंद, स्वतंत्र एसीची खोली हवी, मग प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल.

वीज गेल्यावर बॅटरीवर यंत्र चालू ठेवणारा यूपीएसही त्याच खोलीत ठेवावा. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मे होते. जिन्याखालच्या कोंदट कपाटातली बॅटरी त्यामुळेच लवकर बसते. यूपीएसची क्षमता व्हीएमध्ये (खोक्यावर छापलेल्या व्होल्ट-अँपिअरमध्ये) नव्हे, वॅटमध्ये पाहावी : साध्या १ केव्हीए यूपीएसमधून ६०० वॅटच मिळू शकतात. सर्व्हरला ऑनलाइन यूपीएस (वीज गेल्यावर क्षणाचाही खंड न पडू देणारा) द्यावा आणि तो बसवण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

सर्व्हरमध्ये चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी आणि रेड-१ पद्धतीने जोडलेल्या, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन्हींवर लिहिणाऱ्या, दोन डिस्क हे किमान मानावे. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअरही दोन्हींना एकदमच गाठते. म्हणून एक प्रत इमारतीबाहेर असलीच पाहिजे. सर्व्हर बसवण्याची वेगळी चौकट (रॅक) नसेल तर उभ्या डब्याचा टॉवर सर्व्हर बरा, त्याचा आवाजही कमी.

वर्कस्टेशन निवडताना काम विचारावे. द्विमितीय आराखड्यांचे बरेचसे काम प्रोसेसरच्या एकाच कोरवर (गणना करणाऱ्या एका भागावर) चालते, तिथे जास्त गिगाहर्ट्‌झ उपयोगी; रेंडरिंगला, म्हणजे त्रिमितीय आराखड्यातून अंतिम चित्र तयार करायला, जास्त कोर आणि चांगले ग्राफिक्स कार्ड लागते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षा चिप) लागते, त्यामुळे जुनी मशीन टायपिंगला देण्याआधी हे पाहावे.

नेटवर्कमध्ये संगणकांच्या केबल एकत्र जोडणारा एक जुना १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिटचा) स्विच राहिला, तरी त्यामागची मशीन रखडतात : १ जीबीचा आराखडा त्याच्या दहापट वेगाच्या गिगाबिट स्विचवर दहाएक सेकंदांत उघडतो, त्या स्विचमधून जवळपास दीड मिनिट घेतो. नेटवर्कच्या कॅट-६ केबलचा एक टप्पा १०० मीटरच्या आत असावा.

सीताबर्डीत खरेदी करा किंवा थेट कंपनीकडून, कोटेशनमध्ये जागेवर सेवा कोण देणार आणि सुटा भाग नागपुरात मिळतो की मुंबई-पुण्याहून येतो, हे लेखी घ्यावे. एक डिस्क बिघडल्यावर दुसरी एकटीच भार वाहते, म्हणून त्याच क्षमतेची तिसरी डिस्क पहिल्या बिलातच घेऊन कपाटात ठेवावी.