बाजारपेठेचे पुनरुज्जीवन

लहान शहराच्या मध्यभागातील जुनी पेठ ओस पडू लागली, की तेथील दुकानदारी, राहती वस्ती आणि सार्वजनिक सोयी पुन्हा नांदत्या करण्यासाठी ठरवून केलेले काम. त्यात इमारतींची दुरुस्ती, बंद गाळ्यांना भाडेकरू मिळवणे, फेरीवाले व आठवडे बाजाराची व्यवस्था, स्वच्छतागृहे, वाहनतळ आणि पर्यटकांची सोय हे सारे येते. सुशोभीकरण हा यातला एक भाग आहे आणि तो शेवटी यायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक नगरपरिषदा त्यापासूनच सुरुवात करतात. म्हणून नक्षीदार दिव्यांचे खांब उभे राहतात आणि त्यांच्याखालची दुकाने मात्र बंदच राहतात.

ओस पडण्याची कारणे

महामार्गाला बाह्यवळण होते, बसस्थानक गावाबाहेर जाते, मोठी किराणा दुकाने वाहनतळासह वेशीबाहेर उघडतात आणि ऑनलाइन खरेदी घरोघर पोचते. ही कारणे सर्वांना दिसतात. त्यांच्याइतकीच जुनी कारणे पेठेच्या आत असतात. महाराष्ट्रातल्या पेठांची मूळ रचना खाली दुकान, पुढे ओटा, वर घर अशी. मालक वरच राहायचा, त्यामुळे कौल फुटले की दुसऱ्या दिवशी बदलले जाई. पुढची पिढी पुण्या-मुंबईला गेली आणि मिळकत पत्रिकेवर दहा-बारा वारसांची नावे चढली. आता कोणी एक जण दुरुस्तीला पैसे घालत नाही, आणि विकायचे तर सर्वांच्या सह्या मिळत नाहीत.

जुन्या भाडेकरूंचा प्रश्न याला जोडूनच येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 प्रमाणे मालकाला वर्षाला 4 टक्के भाडेवाढ घेता येते. महिना 200 रुपये भाड्याचा गाळा धरला, तर 25 वर्षे नियमाने वाढ घेऊनही भाडे सुमारे 533 रुपये होते. तेवढ्यात छपराची शाकारणीही होत नाही. मालक इमारत पडण्याची वाट पाहतो आणि भाडेकरू ताबा जाईल या भीतीने भिंतीला हात लावू देत नाही. अशा इमारतीला बाहेरून रंग देणे हा पैशाचा अपव्यय आहे. आधी मालक आणि भाडेकरू यांच्यात लेखी करार व्हावा लागतो. दुरुस्तीचा खर्च कोण किती उचलणार, काम चालू असताना दुकान कोठे लावायचे आणि काम संपल्यावर तोच गाळा, तेवढ्याच क्षेत्रफळाचा परत मिळणार, एवढे तीन मुद्दे त्यात नि:संदिग्ध हवेत.

पद्धतीचा उगम

टोरंटोतील ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेत भुयारी रेल्वे आणि नव्या मॉलमुळे रस्त्यावरचा ग्राहक कमी झाला. तेव्हा 1970 मध्ये तेथील व्यापाऱ्यांनी कायद्याने स्वतःवर एक जादा पट्टी बसवून घेतली. पट्टी वसूल करते नगरपालिका, खर्च ठरवते व्यापाऱ्यांचे मंडळ. ऐच्छिक वर्गणीत जो देत नाही त्यालाही रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड फुकट मिळतो. ही पळवाट सक्तीच्या पट्टीने बंद केली. महाराष्ट्रातल्या व्यापारी संघटना अजून वर्गणीवरच चालतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उत्साह ओसरण्याचे हे एक मोठे कारण आहे.

अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने 1977 मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान शहरांत प्रयोग सुरू केला. त्यातून 1980 मध्ये ‘मेन स्ट्रीट’ (म्हणजे गावातली मुख्य पेठ) केंद्र उभे राहिले. संघटन, प्रसार, रचना आणि अर्थकारण अशी या पद्धतीची चार अंगे आहेत आणि चारही एकाच वेळी चालवावी लागतात. पेठेसाठी पूर्ण वेळ काम करणारा पगारी व्यवस्थापक असावा, हा त्यातला सर्वांत मोलाचा आग्रह. बंद गाळ्याच्या मालकाला फोन करणे, दिवा गेला तर तक्रार लावून धरणे, दोन दुकानदारांतले भांडण मिटवणे ही रोजची कामे मानद अध्यक्षाकडून होत नाहीत. त्याला स्वतःचे दुकान सांभाळायचे असते.

फसलेला प्रयोगही सांगायला हवा. मिशिगन राज्यातील कॅलमझू शहराने 1959 मध्ये भर पेठेतला रस्ता वाहनांना बंद करून फक्त पादचाऱ्यांसाठी ठेवला. अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले आणि त्यांतल्या बहुतेकांनी पुढे रस्ते पुन्हा खुले केले. कॅलमझूनेही 1998 मध्ये रस्त्याचा काही भाग वाहनांना परत दिला. रस्त्यावर मुळातच चालणारी माणसे नसतील, तर वाहने हटवल्यावर तो आणखी रिकामा दिसतो. दाट वस्तीच्या पेठेत, आणि तेही ठरावीक तासांपुरती, वाहनबंदी मात्र चालते.

जपानच्या शिगा प्रांतातील नागाहामा येथे पेठेची अवस्था इतकी बिकट झाली होती, की तासाभरात चार माणसे आणि एक कुत्रा एवढेच रस्त्यावरून गेल्याची आठवण तेथे अजून सांगतात. तेथे 1900 साली बांधलेली, काळ्या गिलाव्याची बँकेची जुनी इमारत होती. ती वाचवण्यासाठी 1988 मध्ये नगरपालिका आणि स्थानिक उद्योजकांनी मिळून कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी तेथे काचवस्तूंचे दुकान सुरू केले. नंतर आसपासच्या रिकाम्या इमारतींतही काचकामाच्या कार्यशाळा, दुकाने व खाणावळी आल्या. 1991 मध्ये क्योतो-ओसाकाकडून थेट गाड्या येऊ लागल्याने पाहुण्यांचा ओघ वाढला. काचकाम हा नागाहामाचा परंपरागत धंदा नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वारसा इमारतीचा होता, धंदा नवा निवडला आणि तो चालवायला कंपनी उभी केली.

कामाचा क्रम

पहिले काम पाहणीचे. नगर भूमापनाच्या नकाशावर प्रत्येक गाळा दाखवून चालू, बंद की गोदाम, वर कोणी राहते का, मालक कोठे असतो, छपराची अवस्था काय, याची नोंद करतात. तीनशे गाळ्यांच्या पेठेत चार माणसांना हे काम दोन आठवड्यांचे आहे. सोबत पादचाऱ्यांची मोजणी होते: बाजाराच्या दिवशी, एरवीच्या दिवशी आणि रविवारी, सकाळी 11, दुपारी 4 आणि संध्याकाळी 7 वाजता, दर वेळी 15 मिनिटे.

मग जमिनीखालची कामे: गटार, पाण्याची वाहिनी, वीज व दूरसंचाराच्या तारांसाठी नळ्या, आणि सर्वांत शेवटी वरचा थर. हा क्रम चुकला की नवी फरशी सहा महिन्यांत उखडली जाते. महावितरण, पाणीपुरवठा आणि दूरसंचार कंपन्यांकडून कामाआधी लेखी वेळापत्रक घेतले नाही, तर क्रम हमखास चुकतो.

रस्त्याची पातळी हा पेठांचा जुना घात आहे. दर वेळी जुन्या थरावर 15 ते 20 सेंटिमीटरचा नवा काँक्रीटचा थर चढतो; दोन-तीन वेळा असे झाले, की दुकानाचे जोते रस्त्याखाली जाते आणि पावसाचे पाणी आत शिरते. म्हणून जुना थर फोडून काढावा आणि सर्वांत खालच्या जोत्यापेक्षा रस्ता किमान 15 सेंटिमीटर खाली राहील अशी पातळी निविदेतच लिहावी.

रुंदीकरणाचा मोह टाळावा. दर्शनी भाग कापले, की ओटे आणि वरची घरे जातात, वाहनांचा वेग वाढतो, आणि थांबून खरेदी करणारा माणूस थांबेनासा होतो. आठ मीटरच्या पेठेत 3.5 मीटरचा एकेरी मार्ग, एका बाजूला 1.8 मीटरची मोकळी पायवाट, दुसऱ्या बाजूला 2 मीटर दुचाकींसाठी आणि उरलेल्या 0.7 मीटरमध्ये झाकलेले गटार, असे सारे बसते. पायवाटेचा काठ 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नको. अग्निशमन बंबाच्या वाटेवर कायमचे काही बांधू नये.

वाहनतळाची ओरड झाली, की आधी सकाळी साडेदहाला दुकानांपुढच्या दुचाकी मोजाव्यात. त्यातल्या बऱ्याच दुकानदारांच्या आणि नोकरांच्या निघतात. एक जागा दुकानदाराच्या गाडीने दिवसभर अडवली, तर अर्ध्या तासासाठी येणारे वीस ग्राहक हुकतात. दुकानदार आणि नोकरांच्या गाड्यांसाठी पाच मिनिटांच्या अंतरावर वेगळी जागा देणे हा सर्वांत स्वस्त वाहनतळ आहे. सम-विषम तारखांचे पी-1, पी-2 फलक रोज कोणी पाहणारा असेल तरच उपयोगी पडतात.

स्वच्छतागृहाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि पेठेचा निम्मा ग्राहक त्यावर अवलंबून असतो. खेड्यातून लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि खरेदी अर्धवट टाकून परततात. याची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाचे दार थेट रस्त्याकडे नको. आत कडी, पिशवीसाठी खुंटी, दिवा, पॅडसाठी झाकणाची पेटी आणि चोवीस तास पाणी हवे. बांधलेली स्वच्छतागृहे कुलूपबंद पडतात ती पाण्याची जोडणी आणि राखणदाराचा पगार मंजूर नसल्यामुळे. बांधकाम आणि निदान पाच वर्षांची देखभाल यांचा करार एकत्रच करावा.

फेरीवाल्यांना हटवणे म्हणजे पुनरुज्जीवन, असा समज पक्का आहे. तो चुकीचा आहे. भाजीवाली, गजरेवाली आणि चहाची गाडी यांच्यामुळेच माणूस पेठेत रोज येतो आणि जाता-जाता कापडाच्या दुकानात डोकावतो. पथविक्रेता अधिनियम, 2014 नुसार शहर फेरीवाला समिती नेमून सर्वेक्षण करावे लागते; समितीत 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असतात. लोकसंख्येच्या 2.5 टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घेण्याची तरतूद आहे, म्हणजे तीस हजारांच्या गावात 750 जण. आठवडे बाजार गावाबाहेरच्या मैदानावर नेला, की पेठेचा आठवड्यातला सर्वांत मोठा दिवस जातो. हलवायचाच असेल तर पेठेपासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर न्यावा.

दर्शनी भागाच्या दुरुस्तीत सिमेंट हा मुख्य शत्रू आहे. चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आत कोंडते, क्षार फुलतात, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजतात. एक भाग चुना, तीन भाग वाळू असा गिलावा करून तो आठ-दहा दिवस ओला ठेवावा. भर पावसात हे काम काढू नये. सागवानी खांब खरवडून जवसाचे तेल दिले तर तैलरंगाची गरज पडत नाही. नामफलक मराठीत असण्याचा कायदा आहेच. सर्व फलक शटरच्या वरच्या एकाच पट्टीत, 60 ते 75 सेंटिमीटर उंचीचे ठेवले, तर लाकडी महिरपी आणि कठडे पुन्हा दिसू लागतात. जाळीचे शटर बसवून आत मंद दिवा ठेवला, की रात्री नऊनंतरही पेठेतून जाताना भीती वाटत नाही.

पर्यटनाची जागा

सावंतवाडीत महामार्गाची वाहतूक झाराप-पत्रादेवी बाह्यवळणावर गेली आणि रेल्वेस्थानकही शहराबाहेरच आहे. गोव्याकडे जाणाऱ्याने मुद्दाम वळून यावे, असे शहराकडे काही असायला हवे, आणि सावंतवाडीकडे ते आहे: मोती तलाव, त्याच्या काठचा राजवाडा, तेथे हाताने रंगवली जाणारी गंजिफा (खेळायचे गोल पत्ते), आणि जवळच लाकडी खेळण्यांची चितार आळी. हे सगळे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे, हे मोठे भाग्य. अशा ठिकाणी सर्वांत चांगली गुंतवणूक कमानीत नसते. कारागीर काम करताना दिसेल असा दुकानाचा पुढचा भाग, तलावापासून आळीपर्यंत सलग सावलीची पायवाट आणि वस्तूवर कारागिराचे नाव व लाकडाचा प्रकार सांगणारी चिठ्ठी, यांत ती असते. बाहेरून आणलेली यंत्रावरची स्वस्त खेळणी त्याच फळीवर आली, की हातकामाला योग्य भाव मिळणे बंद होते.

वेळापत्रक ही दुसरी अडचण. पर्यटक रविवारी दुपारी येतो, आणि नेमकी तेव्हा पेठ बंद असते. सर्वांनी दिवसभर दुकान उघडे ठेवण्याची गरज नाही; खाणावळ, हस्तकला आणि औषधांचे दुकान यांनी पाळी लावली तरी पुरते. मात्र पेठेचा पाया स्थानिक ग्राहक हाच ठेवावा. किराणा, शिंपी, पिठाची गिरणी यांच्या जागी फक्त भेटवस्तूंची दुकाने आली, तर पावसाळ्यात, पर्यटक नसताना, रस्ता पुन्हा सुना होतो आणि वर राहणारी माणसेही निघून जातात.

पैसा आणि मोजमाप

नगरोत्थान अभियान, जिल्हा नियोजन समिती आणि प्रादेशिक पर्यटन विकास योजना यांतून मुख्यतः बांधकामाला निधी मिळतो. झाडलोट, राखणदार आणि व्यवस्थापकाचा पगार नगरपरिषदेच्या स्वनिधीतूनच काढावा लागतो. बाजार शुल्क आणि वाहनतळाचे उत्पन्न वेगळ्या खात्यात ठेवून त्याच पेठेवर खर्च करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्यावा. खाते वेगळे नसेल तर ही रक्कम इतर देण्यांत विरून जाते.

परिणाम दर सहा महिन्यांनी, पहिल्या पाहणीच्याच ठिकाणी आणि त्याच वेळांना मोजतात. बंद गाळ्यांची संख्या, वरच्या मजल्यांवर नव्याने राहायला आलेली कुटुंबे आणि संध्याकाळी 7 वाजता रस्त्यावर दिसणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण हे तीन आकडे सर्वांत विश्वासार्ह आहेत. उत्सवातल्या गर्दीचा आकडा यात धरत नाहीत. उत्सव संपल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार मोजणीसाठी अधिक योग्य.